एका बाजूनं कोरे

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला ‘ए’ ग्रेड होती. डिझाइन कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात हे मी सरांना आपणहून सांगितलं आणि पुढचा महिना ते निस्तरण्यात गेला.

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्यांना ‘ए’ ग्रेड म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, आणि दहावीच्या निकालात त्याचे वाढीव गुण. कराडला आमच्या चित्रकलेच्या बाईंकडे रविवारी सकाळी पंधरा-वीस मुलं सतरंजीवर बसायची. समोर स्टुलावर तांब्याची घागर, तिच्यामागे घड्या पाडून टांगलेला पडदा, पुढ्यात दोन वांगी आणि एक कांदा. घागरीच्या पोटावर उजवीकडे चंद्रकोरीएवढी पांढरी जागा सोडायची, तो हायलाइट. डावीकडे गडद, खाली सावली. पडद्याच्या घड्या नीट जमल्या की निम्मी लढाई जिंकली. स्मरणचित्र हे स्मरणातून काढायचं नसतं, ते पाठ करायचं असतं. ‘फुगेवाला’ मी इतक्यांदा काढला होता की परीक्षेत ‘भाजीवाला’ आला असता तरी फुग्यांच्या जागी कोथिंबिरीच्या जुड्या खोवून वेळ मारून नेली असती. खरा फुगेवाला बोलावून समोर उभा करावा, असं बाईंना कधी सुचलं नाही, आम्हालाही नाही. ही बाईंची थट्टा नव्हे. माझा हात त्यांनीच वळवला. फक्त तो फारच छान वळला होता.

सरांनी माझ्या ग्रेडचं ऐकून घेतलं, ‘अरे वा’ म्हणाले आणि आठ दिवसांनी सगळ्या वर्गाला काम सांगितलं. पंचवीस दिवस, रोज चाळीस, एकूण हजार स्केचेस. काळं बॉलपेन. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, शेडिंग नाही. फोटोवरून काढायचं नाही. एका चित्राला दहा मिनिटांच्या वर द्यायची नाहीत. कागदाची एकच बाजू वापरायची, कोपऱ्यात तारीख, वेळ आणि क्रमांक. आवडलं नाही म्हणून एकही कागद फाडायचा नाही.

‘शेडिंग नाही’ म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. माझं सगळं भांडवल शेडिंगमध्ये होतं.

संध्याकाळी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून ए-फोरची दोन रिमं घेतली. पंचाहत्तर जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला पंचाहत्तर ग्रॅम भरणाऱ्या कागदाची, दोन रिमं म्हणजे जवळजवळ पावणेपाच किलो. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन नारायण पेठेतल्या खोलीपर्यंत चालत आले, तेव्हा हजार हा आकडा पहिल्यांदा बोटांना कळला. मग हिशेब मांडला. एका चित्राला सहा मिनिटं धरली तरी दिवसाचे चार तास. कॉलेज, जेवण आणि झोप यांच्या फटीत हे चार तास कोंबायचे.

पहिल्या दिवशी खोलीतल्याच वस्तू घेतल्या. पेला, बादली, चप्पल, स्विचबोर्ड, पंखा. पेल्यानं पहिल्याच कागदावर पाणी पाजलं. गोल तोंडाचं भांडं तिरप्या नजरेनं पाहिलं की त्याचं तोंड लंबवर्तुळ दिसतं, हे मला माहीत होतं. पण माझ्या लंबवर्तुळांना दोन्ही बाजूंना लिंबासारखी टोकं येत होती. आजवर ती टोकं पेन्सिलनं गोलावून, वर सावली देऊन मी झाकत आले होते. आता झाकायला काही नव्हतं. दुसरं म्हणजे तळ. मी वर्षानुवर्षं तळाची रेघ जवळजवळ सपाट काढत आले होते, कारण भांडं सपाट जमिनीवर असतं. खरं तर तळ नजरेपासून आणखी खाली असतो, म्हणून त्याचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त उघडलेलं, जास्त गोल दिसायला हवं. टेबलावर पेला ठेवून, डोळा हळूहळू वर नेत मी हे पाहिलं आणि चक्क ओशाळले. सात-आठ वर्षं घागरी काढल्या, त्या सगळ्या तळाला चेपलेल्या.

सर वर्गात फारसं बोलत नसत. पाठीमागे उभे राहायचे आणि कोपराला बोट लावायचे. मनगटातून काढलेली रेघ छोटी आणि वाकडी होते, लांब रेघ खांद्यातून यायला हवी. रेघ टेकवण्याआधी पेन तिच्या वाटेवरून दोनदा हवेत फिरवायचं आणि मग एकदाच ओढायची. मला सवय होती केसाळ रेघेची. बारीक बारीक फटकारे मारत जायचे, त्यातलं एखादं बरोबर निघेल या आशेनं. सर त्याला ‘झुरळाच्या मिशा’ म्हणत.

पाचव्या दिवशी मी पहिली लबाडी केली. ताप होता असं म्हणायला हरकत नाही, पण ताप नव्हता. रात्री साडेअकरा वाजता आठ चित्रं झालेली आणि बत्तीस बाकी. टेबलावर काडेपेटी होती. बत्तीस वेळा काडेपेटी काढली, एकेक दीड मिनिटात. दुसऱ्या दिवशी सरांनी गठ्ठा पत्त्यासारखा पिसत बघितला आणि विचारलं, “ही बत्तीस चित्रं आहेत का एकाच चित्राच्या बत्तीस प्रती?” मी काही बोलले नाही. “काडेपेटी वाईट नाही,” ते म्हणाले. “पण एकदा तरी उघडायचीस.”

मग घराबाहेर पडले. मंडई जवळच होती. महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली, उंच ओट्यांवर, भाजीच्या उतरत्या ढिगांमागे विक्रेते बसतात. गिऱ्हाईक खाली आणि ते वर. १८८६ साली उघडली तेव्हा हिचं नाव रे मार्केट होतं, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. हिच्यावर एवढा खर्च करायला नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी विरोध केला होता आणि पुढे नाव लागलं ते त्यांचंच. पुण्यात अशा गोष्टी होतात.

मंडईत कोणी स्थिर बसत नाही. पहिल्या दोन दिवसांचे कागद म्हणजे अर्धवट खांदे, डोकं नसलेले पदर आणि हवेत तरंगणारे तराजू. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की माणूस हलतो, पण तो फिरून त्याच जागी येतो. समोरची लिंबं-मिरचीवाली तीनच गोष्टी आलटून पालटून करत होती. पुढे वाकून ढीग सारखा करायचा, मागे कलून पिशवीत हात घालायचा आणि मोकळा वेळ मिळाला की उजव्या गुडघ्यावर कोपर टेकून शेजारणीशी बोलायचं. मी एकाच कागदावर तिच्या तीन आकृत्या सुरू केल्या. वाकली की पहिलीत दोन रेघा, मागे गेली की दुसरीत, बोलायला लागली की तिसरीत. वीस मिनिटांत तिन्ही पुऱ्या झाल्या. दहा मिनिटांचा नियम मोडला, पण एका कागदावर तीन आकृत्या म्हटल्यावर तो पाळल्यासारखाच झाला, असं मी ठरवलं.

तिचं लक्ष होतंच. “माझं चित्र काढतीस व्हय?” म्हणाली. मी कागद दाखवला. तिनं शेजारणीला दिला, शेजारणीनं पलीकडच्या गाळ्यावर, आणि तो फिरून आला तेव्हा त्याला मिरचीचा वास लागला होता. “नाक नाय काढलंस,” एवढाच शेरा मिळाला. वर पाव किलो लिंबं घ्यावी लागली, ती वेगळीच.

दोन दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेल्या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंत राजेरजवाड्यांच्या चीजांपेक्षा घरातल्या वापराच्याच वस्तू जास्त. दिवे, कुलपं, पाय घासायच्या वज्री, आणि अडकित्ते तर इतके की पान खाणं हा या प्रदेशाचा मुख्य उद्योग असावा असं वाटावं. मिटलेला अडकित्ता काढणं सोपं. उघडा काढायला गेलं की खीळ एक सूत जरी इकडे तिकडे पडली तरी कागदावरची पाती मिटल्यावर एकमेकांना भेटत नाहीत, सुपारी कातरली जाणार नाही. मोर, घोडे, राघू अशी नक्षी मी आधी काढत होते. दुसऱ्या दिवशी आधी खीळ काढली आणि तिच्याभोवती बाकीचा अडकित्ता.

तेवढ्यात वर्गात लोट्याची गोष्ट झाली. डिझाइनच्या प्रत्येक वर्गात ती कधी ना कधी होतेच. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला, त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या तांब्याचं तोंडभर कौतुक केलंय. पण नुसतं ‘सुंदर’ म्हणून ते थांबत नाहीत, प्रश्नांची रांगच लावतात. हातात, कमरेवर, डोक्यावर कसा बसतो? भरल्यावर तोल कसा राहतो, रिकामा असताना कसा? ओतताना पाणी कसं पडतं? वाजवला की आवाज कसा येतो? मोडीत काढला तर किती येतील? वर्गातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि त्याच शनिवारी तांबट आळीत जाऊन, त्यातला एकही प्रश्न न विचारता, घागर काढायला बसले.

कसबा पेठेतली तांबट आळी कानांनी सापडते. ठोक्यांचा आवाज जिथून येतो तिकडे चालत जायचं. एका दुकानाच्या पायरीवर बसू दिलं. समोर घागर. हिच्याशी तर माझी जुनी ओळख, म्हणून जरा ऐटीत, खांद्यातून, एकाच रेघेत तिचं पोट काढलं. लिंबाची टोकं नाहीत, तळ नीट गोलावलेला. मनात म्हटलं, आता बघाच. आत एक वयस्कर कारागीर मठारकाम करत होते. भांडं लोखंडी खुंट्यावर पालथं घालायचं आणि वरून गुळगुळीत हातोडीनं ठोक्याला ठोका लावत फिरवत जायचं, मग तांब्यावर ते चकाकणारे छोटे छोटे पैलू उमटतात. खुंटा आतून ठोका झेलतो. थोड्या वेळानं चहा आला तेव्हा त्यांनी माझा कागद मागितला, लांब धरला, चष्मा वर केला.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण पोरी, हे तोंड एवढंसं. मग पोटात खुंटा कुठून घातला?”

मला कळलंच नाही.

“जोड कुठाय?”

त्यांनी घागर माझ्यापुढे फिरवली. पोटावरून एक बारीक रेघ आडवी गेली होती, सरळ नव्हे, दातेरी. दोन पत्र्यांचे दाते एकमेकांत बसवून ते जोडलेले. घागर एका पत्र्याची होतच नाही. निमुळत्या गळ्यातून आत हत्यार जाणार नाही, म्हणून तुकडे वेगवेगळे घडवायचे आणि मग जोडायचे. मठारताना ती रेघ बरीचशी पुसली जाते, पण बघणाऱ्याला दिसते.

मी शंभरेक घागरी तरी काढल्या असतील. बाईंच्या स्टुलावरच्या घागरीलाही तो जोड असणार. आणि मला नीट आठवलं, तो होताच. सहावीत मी तो काढलाही होता. बाईंनी खोडरबरानं हलकेच पुसला होता. त्यानं पोटाची गोलाई तुटते, म्हणाल्या होत्या. त्यांचंही चुकलं नव्हतं. परीक्षकाला गोलाई हवी होती.

त्या दिवशी तेवीसच चित्रं झाली, सगळ्यांत जोडाची रेघ. काही तर नुसते दातेच.

शेवटची शंभर एकाच वस्तूची, असं सरांनी आधीच सांगितलं होतं. वस्तू आपापली. कुणी सायकलची चेन घेतली, कुणी शिवणयंत्र. मी विळी घेतली. मी जिथे राहायचे त्या घरमालकीण काकू डबे द्यायच्या. रोज तीसेक डबे, आणि सगळी भाजी विळीवर. सुरीनं चिरलेल्या कोबीला चव नसते, हे त्यांचं मत. याविषयी त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

दुपारी डबे गेले की विळी मोकळी असायची. मी ती खोलीत नेऊन खिडकीशी वर्तमानपत्रावर ठेवायची. लाकडी पाट, त्यातून वर आलेलं पातं, टोकाला खोबरं खवायची दातेरी चकती. पात्याचा पोटाकडचा भाग धार लावून लावून झिजला होता, नव्या विळीचं पातं असतं त्याच्या अर्ध्यावर आलं असेल. वरून, बाजूनं, मिटलेली, उघडी, नुसती खवणी, नुसतं बिजागर. दोन दिवसांत पन्नास झाली आणि मला ती आवडली. मग सकाळी लवकर उठून काकू चिरत असताना काढायला लागले. काकूंना गुडघ्यांमुळे खाली बसायला डॉक्टरांनी मनाई केलेली. त्यामुळे विळी जेवणाच्या टेबलावर आणि काकू खुर्चीत. दोन्ही हातांत कोबीचा गड्डा, तो पात्यावर रेटायचा, की पलीकडे बारीक कोबी पडत राहतो. इतकं झरझर की बघताना आपल्याच बोटांना मुंग्या याव्यात. मंडईतली युक्ती इथे कामाला आली. एका कागदावर हाताच्या तीन अवस्था.

नव्वद झाल्यावर सरांकडे घेऊन गेले. या खेपेला मला खात्री होती. पात्याची झीज होती, बिजागराची खीळ होती, खवणीचा दातन्‌दात होता. सरांनी काकूंच्या हातांचे कागद जमिनीवर ओळीनं मांडले आणि बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

“इतक्या जोरानं कोबी रेटतायत,” ते म्हणाले. “विळी पुढे सरकत का नाही?”

“पाटावर वरवंटा ठेवलाय, सर.”

“कुठाय?”

नव्हता. एकाही कागदावर नव्हता. मी रोज सकाळी तो पाहत होते. काकू आधी वरवंटा ठेवायच्या आणि मग विळी उघडायच्या. माझ्या जागेवरून तो नेमका पात्याच्या बुंध्यापुढे यायचा, विळीचा आकार अर्धा झाकायचा. म्हणून मी तो मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवला होता आणि मागे विळी जशी ‘असायला हवी’ तशी काढली होती. खोडरबर वापरायची गरजच पडली नाही.

खाली बसून चिरताना पाटावर पाय असतो. त्या पायाचा भार विळीवर येतो, म्हणून ती हलत नाही. विळी म्हणजे पाट, पातं आणि एक पाय. टेबलावर चढल्यावर तिचा पाय गेला आणि काकूंनी त्या जागी वरवंटा बसवला. मिक्सर आल्यापासून तो रिकामाच होता. पाटा गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली, वरवंटा विळीवर. वर्षानुवर्षं वाटण वाटून तो एका अंगाला चपटा झालेला, म्हणून पाटावर गडगडत नाही. विळीखाली ओलं फडकं, टेबलावरून घसरू नये म्हणून. हे सगळं मला आठवड्यात दिसलं नव्हतं आणि आता एका सकाळी दिसायला लागलं.

उरलेली दहा चित्रं वरवंट्याची काढली. दहावर भागलं नाही, आणखी वीसेक काढली. डोक्यात लगेच सुधारित विळी तयार व्हायला लागली, हा या शिक्षणाचा रोगच आहे. टेबलाला चिकटणारी, खाली रबरी वाट्या लावलेली. काकूंना काढून दाखवली. त्यांनी चिरता चिरता पाहिलं. “आणि दूध उतू जायला लागलं तर? ही टेबलावर उघडी ठेवून जाऊ? वरवंटा काढला की मी विळी मिटून पळते.” माझी विळी तिथेच मिटली.

शेवटच्या रात्री गठ्ठे लावून मोजायला बसले. नऊशे शहाऐंशी. पुन्हा मोजले, तेवढेच. क्रमांक तपासले तर मधले मधले चौदा गायब, बहुतेक मंडईचे आणि बादल्यांचे. खोलीभर शोधलं. सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात गेले तर फ्रिजवर चुंबकाखाली माझा दोनशे बारा नंबरचा कागद, उलटा. त्याच्यावर डब्यांचा हिशेब.

“तुझ्या खोलीतून घेतले गं केर काढताना,” काकू म्हणाल्या. “एका बाजूनं कोरे होते. म्हटलं, वाया जातील.”

चौदाही मिळाले. दोनांवर दुधाचा हिशेब, एकावर वाण्याची यादी, बाकी सगळ्यांवर डबा घेणाऱ्या मुलांची नावं आणि पुढे रेघा. डबा गेला की एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवा छेद. खाडा झाला की बारीक फुली. मी दाबून लिहिते, त्यामुळे मागून बॉलपेनच्या रेघांचे वळ उठले होते आणि काकूंच्या रेघा त्या वळांवरून चालल्या होत्या. नवीन काढायला वेळ नव्हता. तसेच गठ्ठ्यात घातले.

सरांनी हजार कागद एकेक करून पाहिले, याला जवळजवळ दोन तास लागले. काडेपेट्या भरभर, घागरी जरा सावकाश. दोनशे बारा आला तेव्हा मागचं शाईचं काहीतरी आरपार दिसलं म्हणून त्यांनी तो पालटला. आणि मग तो त्यांनी खाली ठेवलाच नाही. रेघांवरून बोट फिरवत गेले, ओठांत काहीतरी मोजत.

“हे कोणी काढलं?”

मी सांगितलं.

“एकदाही दोनदा गिरवलेलं नाही,” ते म्हणाले. पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग विचारलं, “या काकूंकडे आणखी एक डबा मिळेल का? शनिवारी खाडा असतो माझा.”